देश श्रीमंत होताना कुपोषण कसे बदलते, हे आकड्यांतून कसे वाचावे

देशाचे दरडोई उत्पन्न वाढले की तेथील कुपोषण आपोआप संपते, असा समज सुशिक्षित वाचकांमध्येही खोलवर रुजलेला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत खरोखरच अगदी कमी असते. परंतु उत्पन्न वाढत असताना कुपोषणाचा एक प्रकार झपाट्याने ओसरतो, दुसरा वर्षानुवर्षे रेंगाळतो, तिसरा जागचा फारसा हलत नाही आणि चौथा त्याच काळात नव्याने वाढू लागतो. म्हणून ‘कुपोषण घटले’ किंवा ‘कुपोषण वाढले’ असे एकच वाक्य बहुतेक वेळा अपुरे ठरते. आंतरराष्ट्रीय आकडेवारी आज कोणालाही विनाशुल्क पाहता येते. ती कशी निवडावी, कशी मांडावी आणि तिच्यातून कोणता निष्कर्ष काढू नये, हे विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार आणि आरोग्य कार्यकर्ते यांना समोर ठेवून येथे सांगितले आहे.

कोणते कुपोषण मोजायचे, हे आधी ठरवावे

वर्तमानपत्रांत सर्वाधिक दिसणारा आकडा उपासमारीचा असतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना तो दरवर्षी प्रसिद्ध करते. तिच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील सुमारे ६७ कोटी ३० लाख लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या ८.२ टक्के लोकांना, पुरेसे उष्मांक मिळत नव्हते. हा आकडा कोणाचेही वजन किंवा उंची मोजून काढलेला नसतो. देशात एकूण किती अन्न उपलब्ध होते, ते घराघरांत किती विषमतेने पोहोचत असावे आणि माणसाची किमान गरज किती, या तीन गोष्टींवरून तो गणिताने काढतात. देशादेशांची ढोबळ तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. पण अन्न पोट भरण्याइतके असूनही निकस असेल, तर त्याचा पत्ता या आकड्यातून लागत नाही.

दुसरा गट पाच वर्षांखालील बालकांच्या प्रत्यक्ष मोजमापांचा आहे. वयाच्या मानाने उंची फार कमी असेल, तर त्याला खुजेपणा म्हणतात. तो दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाची आणि वारंवार झालेल्या आजारांची खूण असतो. उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल, तर ती कृशता. ती अलीकडच्या काही आठवड्यांतील किंवा महिन्यांतील संकट दाखवते. वयाच्या मानाने कमी वजन हा तिसरा निर्देशांक या दोहोंची सरमिसळ करतो, त्यामुळे खोलात जाणाऱ्याने त्यावर फार विसंबू नये. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी मिळून काढलेल्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील सुमारे १५ कोटी २ लाख बालके, म्हणजे २३.२ टक्के, खुजी होती. कृश बालकांची संख्या ४ कोटी २८ लाख होती आणि अतिवजन असलेल्या बालकांची ३ कोटी ५५ लाख.

तिसरा गट सूक्ष्म पोषक घटकांच्या कमतरतेचा, म्हणजे लोह, आयोडीन, जीवनसत्त्व अ, जस्त, फॉलिक आम्ल इत्यादींचा आहे. चौथा गट अतिवजनाचा आणि लठ्ठपणाचा. जागतिक आरोग्य संघटना हे चारही गट कुपोषणातच मोजते, आणि वाचकानेही तसेच मोजावे. एरवी देश श्रीमंत झाल्यावर काय घडते, याचे अर्धे चित्र नजरेआड राहते.

बालकाची उंची प्रत्यक्ष कशी मोजतात, हे एकदा जवळून पाहिले की या आकड्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. दोन वर्षांखालील मूल आडव्या फळीवर निजवतात. एक जण त्याचे डोके फळीच्या स्थिर टोकाला टेकवून धरतो, दुसरा गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करतो आणि सरकती पट्टी टाचांना भिडवतो. मूल रडत असते, अंग आखडते, आणि मोजमाप तर मिलिमीटरपर्यंत नोंदवायचे असते. दोन वर्षांपुढील मूल उभे करून मोजतात. त्यानंतर त्याची उंची २००६ साली जाहीर झालेल्या जागतिक मानकांशी ताडतात. या मानकांनुसार बरोबर दोन वर्षांच्या मुलीची मध्यक उंची (निम्म्या मुली जिच्याखाली आणि निम्म्या जिच्यावर असतात अशी उंची) ८५.७ सेंटीमीटर असते, आणि ७९.३ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे मध्यकापासून दोन प्रमाण विचलनांपेक्षा, खाली असलेली मुलगी खुजी गणली जाते. जन्मतारखेची नोंद नसल्यामुळे तिचे वय तीन महिन्यांनी चुकले, तर ही कसोटी दोन सेंटीमीटरहून अधिक सरकते. म्हणून जन्मनोंदणी कच्ची असलेल्या देशांत दोन पाहण्यांमधील एक-दोन टक्क्यांच्या फरकाला फार अर्थ देऊ नये.

ही मानके बेतण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बालकांचा अभ्यास झाला होता. निवडलेली बालके सुस्थितीतील घरांतली होती, त्यांना स्तनपान मिळाले होते आणि त्यांच्या माता धूम्रपान करत नव्हत्या. अशा अनुकूल परिस्थितीत सहाही देशांतील बालकांची पहिल्या पाच वर्षांतील उंची जवळजवळ सारखीच वाढली. ‘त्यांची जातकुळीच बुटकी’ हे स्पष्टीकरण बालकांच्या बाबतीत त्यामुळे टिकत नाही. संख्याशास्त्राच्या नियमाने निरोगी समाजातही सुमारे २.३ टक्के बालके या रेषेखाली असतातच; तेव्हा कोणत्याही देशाकडून शून्याची अपेक्षा धरू नये.

उत्पन्नाचा आकडा कसा घ्यावा

बाजार विनिमय दराने काढलेले डॉलरमधील उत्पन्न गरीब देशांना प्रत्यक्षाहून अधिक गरीब दाखवते, कारण तेथे अनेक वस्तू आणि सेवा स्वस्त असतात. म्हणून क्रयशक्तीशी समतुल्य केलेले दरडोई उत्पन्न घ्यावे, आणि वेगवेगळ्या वर्षांची तुलना करायची असेल, तर महागाईचा परिणाम वगळलेली मालिका निवडावी. आलेख काढताना उत्पन्नाचा अक्ष गुणोत्तरी ठेवावा, म्हणजे १,००० पासून २,००० पर्यंतचे अंतर आणि २०,००० पासून ४०,००० पर्यंतचे अंतर सारखे दिसेल. पोषणाच्या दृष्टीने गरीब कुटुंबाला मिळालेले पहिले हजार डॉलर आणि श्रीमंत कुटुंबाला मिळालेले पुढचे हजार डॉलर यांचे मोल सारखे नसतेच.

जागतिक बँकेचे अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च उत्पन्न हे चार गट सोयीचे असले, तरी त्यांत एक मेख आहे. हे गट दरवर्षी नव्याने ठरतात. २०२३ च्या उत्पन्नावर आधारलेल्या वर्गीकरणात दरडोई १,१४५ डॉलरपर्यंतचे देश अल्प उत्पन्नाचे आणि १४,००५ डॉलरच्या वरचे देश उच्च उत्पन्नाचे मानले गेले. चांगली प्रगती करणारा देश अल्प उत्पन्नाच्या गटातून बाहेर पडला, की मागे युद्धग्रस्त आणि अतिदुर्बल देशच उरतात, आणि त्या गटाचा सरासरी खुजेपणा घटतच नाही असे भासते. कालानुक्रमे तुलना करताना म्हणूनच गट न घेता तेच ते देश शेवटपर्यंत धरून ठेवावेत.

पहिला आलेख आणि त्याचा खरा अर्थ

एका अक्षावर उत्पन्न आणि दुसऱ्यावर खुजेपणा घेऊन जगातील सर्व देश बिंदूंनी मांडले, तर डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणारा पट्टा दिसतो. खुजेपणाच्या जागी प्रौढांमधील लठ्ठपणा घेतला, तर पट्टा वर चढतो, मात्र सर्वाधिक श्रीमंत देशांपाशी तो इतका विस्कटतो की त्याला पट्टा म्हणणे कठीण जाते. स्त्रियांमधील रक्तक्षय (अनेकदा लोहाच्या कमतरतेमुळे होणारी रक्तातील हिमोग्लोबिनची घट) घेतला, तर उतार दिसतो, पण मंद. मेरी रुएल आणि हॅरॉल्ड आल्डरमन यांनी २०१३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या हिशेबानुसार दरडोई उत्पन्न १० टक्क्यांनी वाढले, तर खुजेपणाचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी घटते आणि स्त्रियांमधील अतिवजन व लठ्ठपणा सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. येथील ६ टक्के म्हणजे टक्केवारीचे बिंदू नव्हेत: खुजेपणा ४० टक्के असेल, तर तो ३४ वर न येता साडेसदतीसच्या आसपास येतो. बातम्यांमध्ये ही गल्लत वारंवार होते आणि तिच्यामुळे आर्थिक वाढीला नको तेवढे श्रेय मिळते.

दारिद्र्य मात्र त्याच १० टक्के वाढीने सुमारे ११ टक्क्यांनी घटते, असे त्याच हिशेबात दिसून आले. याचा अर्थ असा की पैसा खिशात पोहोचण्याचा वेग आणि तो बालकाच्या शरीरात उतरण्याचा वेग यांत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे. या अंतरात काय दडले आहे, ते शोधणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. निरनिराळे देश एकाच वर्षी शेजारी मांडून काढलेला उतार आणि एकाच देशाने वीस वर्षांत केलेला प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये सेबास्टियन फोल्मर आणि सहकाऱ्यांनी ३६ देशांतील पाहण्या तपासल्या, तेव्हा प्रत्येक देशाच्या आतील आर्थिक वाढ आणि बालकुपोषणातील घट यांचा संबंध अत्यंत क्षीण आढळला. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. श्रीमंत देशांकडे दीर्घकाळात साचलेले पाणीपुरवठ्याचे जाळे, दवाखाने, शिकलेल्या माता आणि लहान कुटुंबे असतात. पाच-सात वर्षांच्या आर्थिक वाढीने यांतले काहीच आपोआप उभे राहत नाही. म्हणून दोन आलेख काढावेत, एक देशादेशांचा आणि दुसरा एकेका देशाच्या प्रवासाचा, आणि पहिल्यावरून दुसऱ्याचे भाकीत करू नये.

रेषेपासून दूर पडलेल्या देशांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे

सरासरी रेषा काढून झाल्यावर बहुतेक जण थांबतात. खरे शिकायला मिळते ते त्या रेषेपासून फार वर किंवा फार खाली पडलेल्या देशांपासून, आणि मी तर सर्वाधिक वेळ येथेच घालवावा असे सुचवीन.

ग्वाटेमालाचे दरडोई उत्पन्न सेनेगलच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही २०१४-१५ च्या पाहणीत ग्वाटेमालातील पाच वर्षांखालील सुमारे ४७ टक्के बालके खुजी आढळली, तर सेनेगलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होते. ग्वाटेमालात कर संकलन राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने लॅटिन अमेरिकेतील सर्वांत कमी देशांइतके आहे, संपत्ती थोड्या हातांत आहे आणि मूळनिवासी माया समाजातील बालकांमध्ये खुजेपणा इतरांपेक्षा कितीतरी अधिक आहे. देशाचे सरासरी उत्पन्न येथे फारसे काही सांगत नाही, कारण ज्यांच्या घरी बालके खुजी राहतात त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

पेरूची कथा उलट दिशेची आहे. तेथेही उत्पन्न वाढत असताना खुजेपणा बरीच वर्षे जवळजवळ जागच्या जागी होता. २००६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वयंसेवी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या आघाडीने उमेदवारांकडून ठरावीक वचन मागितले: पाच वर्षांखालील बालकांमधील खुजेपणा पाच वर्षांत पाच टक्के बिंदूंनी कमी करायचा. निवडणुकीनंतर त्या वचनाला अर्थसंकल्पाची जोड मिळाली. निधी परिणामांशी बांधला गेला, गरीब मातांना आरोग्य तपासणीच्या अटीवर रोख मदत मिळू लागली, आणि मुलाची उंची त्याच्या वयाला पुरेशी आहे की नाही, हे आईला स्वतः समजेल अशा रीतीने दाखवण्यावर भर दिला गेला. २००८ साली सुमारे २८ टक्के असलेला खुजेपणा २०१६ पर्यंत १३ टक्क्यांवर आला. त्या काळात पेरूची अर्थव्यवस्थाही वेगाने वाढत होती, हे खरेच आहे. परंतु त्याआधीची वाढ असे काही करू शकली नव्हती.

ब्राझीलमध्ये १९७४-७५ साली ३७ टक्के बालके खुजी होती. २००६-०७ साली ती ७ टक्के उरली. त्याहून बोलका आकडा गरिबांचा आहे: सर्वांत गरीब पंचमांशातील खुजेपणा ५९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला, तर सर्वांत श्रीमंत पंचमांशातील १२ वरून ३ वर. मातांचे शिक्षण, गरीब कुटुंबांची वाढलेली क्रयशक्ती, माता-बाल आरोग्यसेवा आणि पाणी व मलनिस्सारण यांचा त्यात वाटा होता, असे कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. बांगलादेशात २००४ साली ५१ टक्के असलेला खुजेपणा २०२२ साली २४ टक्के झाला, आणि नेपाळमध्ये २००१ साली ५७ टक्के असलेला २०२२ साली २५ टक्के. हे दोन्ही देश या साऱ्या काळात उत्पन्नाच्या तळाकडच्या पायऱ्यांवरच होते.

अशा यशोगाथा वाचताना एकच कारण पकडून बसण्याचा मोह टाळावा. स्वच्छता हे त्याचे चांगले उदाहरण. उघड्यावरील शौच आणि खुजेपणा यांचा संबंध अनेक देशांच्या आकडेवारीत दिसतो, म्हणून बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे मोठे नियंत्रित प्रयोग झाले. २०१८ आणि २०१९ साली त्यांचे निकाल आले, तेव्हा घरगुती शौचालय, हात धुणे आणि पाण्याचे निर्जंतुकीकरण एवढ्यानेच बालकांची उंची वाढलेली दिसली नाही. पूरक आहार दिलेल्या गटांत मात्र अल्प फरक पडला. स्वच्छता निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ लावू नये. गरीब वस्तीतील घाण घराच्या उंबऱ्यावर थांबत नाही, आणि श्रीमंत देशांनी उभारलेली व्यवस्था याहून कितीतरी व्यापक होती, हा अर्थ मला अधिक पटतो.

ताटातील बदल कसा तपासावा

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगल यांनी १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवले की उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो. हा नियम आजही टिकून आहे: नायजेरियासारख्या देशात घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो, तर अमेरिकेत घरी खाण्याच्या अन्नावर दशांशाहूनही कमी. मेरिल बेनेट यांनी १९४१ साली त्यात भर घातली की उत्पन्न वाढल्यावर धान्ये आणि कंदमुळे यांतून मिळणाऱ्या उष्मांकांचा वाटा घटतो आणि त्यांची जागा प्राणिजन्य पदार्थ, तेल, साखर, फळे व भाज्या घेतात. बॅरी पॉपकिन यांनी १९९३ साली या साऱ्या स्थित्यंतराला ‘पोषण संक्रमण’ या नावाने एकत्र बांधले: दुष्काळ मागे पडतो, मग आहारात मेद, साखर आणि प्रक्रिया केलेले पदार्थ वाढतात, शरीरश्रम कमी होतात आणि हृदयविकार व मधुमेह पुढे येतात.

अन्न आणि कृषी संघटनेच्या अन्न ताळेबंदातून कोणत्याही देशाचा हा प्रवास पाहता येतो. एकूण उष्मांकांपैकी धान्य, तेल, साखर आणि प्राणिजन्य पदार्थ यांचा वाटा १९६१ पासून दर दहा वर्षांनी नोंदवावा. एक गोष्ट चटकन लक्षात येईल: स्वस्त वनस्पती तेलांमुळे मेदयुक्त आहार पूर्वीपेक्षा कितीतरी कमी उत्पन्नावर आवाक्यात आला. युरोपात जे संक्रमण शतकभर चालले, ते चीन, मेक्सिको किंवा ब्राझील येथे एकाच पिढीत उरकले. चीनमध्ये १९९० साली दर तीन बालकांमागे जवळपास एक खुजे होते. २०१० पर्यंत ते प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले, आणि २०२० च्या शासकीय अहवालात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जण अतिवजनाचे किंवा लठ्ठ असल्याचे नोंदले गेले. त्याच पिढीतले आई-वडील अपुऱ्या अन्नावर वाढले आणि मुले जादा अन्नावर वाढत आहेत.

तरीही लठ्ठपणा हा श्रीमंतीचा अटळ परिणाम मानू नये. २०१७-१८ मध्ये अमेरिकेतील ४२.४ टक्के प्रौढ लठ्ठ होते. जपानमध्ये त्याच व्याख्येने हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास राहते. पॅसिफिकमधील टोंगासारखा मध्यम उत्पन्नाचा देश या दोन्ही देशांहून कितीतरी वर आहे. अन्नाची धोरणे, शहरांची रचना, शालेय भोजन आणि आयात होणारे पदार्थ यांनी इतका फरक पडतो. मेक्सिकोने २०१४ साली गोड पेयांवर लीटरमागे एक पेसो कर लावला आणि चिलीने २०१६ पासून जादा साखर, मीठ व मेद असलेल्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. दोन्ही ठिकाणी अशा वस्तूंची खरेदी घटल्याचे अभ्यासांत दिसले. आशियाई लोकसंख्येची तुलना करताना ध्यानात ठेवावे की मधुमेहाचा धोका तेथे कमी वजनापासूनच वाढू लागतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली शरीरभार निर्देशांकाचे (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले; लठ्ठपणाचा नुसता ३० चा निकष या देशांतील धोका कमी दाखवतो.

सरासरीच्या आत शिरावे

देशाचा एकच आकडा घेऊन थांबू नये. लोकसंख्या व आरोग्य पाहण्या आणि युनिसेफच्या बहुनिर्देशांक पाहण्या यांत संपत्तीनुसार पाच पंचमांश पाडलेले असतात; ते उघडून पाहावेत. खुजेपणा जवळजवळ सर्वत्र गरिबांत अधिक असतो. लठ्ठपणाचे तसे नसते. अतिगरीब देशांत तो सुखवस्तू शहरी घरांत असतो आणि देश श्रीमंत होत जातो तसा तो गरिबांकडे सरकतो. मोंतेइरो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की स्त्रियांच्या बाबतीत हा उलटा प्रवास दरडोई सुमारे २,५०० डॉलर उत्पन्नापाशीच सुरू होतो. पुरुषांत तो उशिरा दिसतो. म्हणजे ज्या घरात पूर्वी अन्न कमी होते, त्याच घरात पुढे स्वस्त आणि निकस उष्मांकांचा भरणा होतो. २०२४ साली जगातील सुमारे २६० कोटी लोकांना सर्वांत स्वस्त सकस आहारही परवडत नव्हता. उपासमार सोसणाऱ्या ६७ कोटी लोकांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे; म्हणजे पोट भरूनही सकस आहार न मिळणारे पुष्कळ आहेत.

इजिप्त हे या दुहेरी ओझ्याचे ठळक उदाहरण आहे. २०१४ साली तेथील २१ टक्के बालके खुजी होती, १५ टक्के बालके अतिवजनाची होती आणि प्रौढ स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास लठ्ठ होत्या. लठ्ठ आई आणि खुजे मूल एकाच छताखाली आढळते, ते अशाच ठिकाणी. गर्भावस्थेतील अपुरे पोषण पुढील लठ्ठपणाची जमीन तयार करते, हेही येथे जोडून पाहावे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या दुष्काळानंतर सुमारे तीन लाख तरुण सैनिकभरतीवेळी तपासले गेले. गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्या भागात आईची उपासमार झालेल्या तरुणांमध्ये १९ व्या वर्षी लठ्ठपणा अधिक आढळला, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गरिबीतून वेगाने वर येणाऱ्या देशांना मधुमेहाचा फटका इतका जोराचा का बसतो, याचे एक कारण येथे आहे. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे पहिले हजार दिवस धोरणात इतके महत्त्वाचे का मानतात, तेही यावरून कळावे.

जे उत्पन्नाला फारसे जुमानत नाही

आयोडीनची कमतरता घालवण्यास देश श्रीमंत असावा लागत नाही. मिठात आयोडीन मिसळणे अतिशय स्वस्त आहे. स्वित्झर्लंडने १९२२ साली आणि अमेरिकेने १९२४ साली ते सुरू केले, आणि आज अनेक गरीब देशांतील बहुसंख्य घरांत आयोडीनयुक्त मीठ वापरले जाते. लोहाचे गणित याच्या अगदी उलट आहे. २०१९ साली जगातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि हा आकडा गेल्या दोन दशकांत फारसा खाली आलेला नाही. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात बालकांमधील खुजेपणा ३८.४ वरून ३५.५ टक्क्यांवर उतरला, स्त्रियांमधील अतिवजन २०.६ वरून २४ टक्क्यांवर चढले आणि स्त्रियांमधील रक्तक्षयही ५३.१ वरून ५७ टक्क्यांवर गेला. उत्पन्न वाढत असलेल्या एकाच देशात, एकाच पाहणीत, तीन निर्देशांकांनी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या. रक्तक्षयाचे आकडे वाचताना रक्त बोटातून घेतले होते की शिरेतून, हे पाहावे, कारण दोन्हींच्या मापनात फरक पडतो.

कृशताही उत्पन्नाच्या रेषेवर नीट बसत नाही. युद्ध, अवर्षण, पूर आणि पिकांमधला उपासाचा काळ यांनी ती काही आठवड्यांत चढते व उतरते, त्यामुळे पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, ते आधी शोधावे.

निष्कर्ष लिहिताना

टक्केवारी आणि संख्या दोन्ही द्याव्यात. आफ्रिकेत २००० पासून खुजेपणाची टक्केवारी घटली, पण लोकसंख्या वाढल्यामुळे खुज्या बालकांची संख्या वाढली. यांतील एकच बाजू सांगणारे वाक्य खरे असूनही दिशाभूल करते. जागतिक अंदाजांच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाढ किंवा घट जाहीर करू नये, कारण प्रत्येक आवृत्तीत मागील सर्व वर्षांचे अंदाज नव्याने काढलेले असतात. संपूर्ण मालिका ताज्या आवृत्तीतूनच घ्यावी. आकडा पाहणीतून आलेला आहे की गणिताने काढलेला, आणि देशाची शेवटची पाहणी केव्हा झाली, हे तळाशी नोंदवावे. अमेरिकेच्या निधीवर चाललेला लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम २०२५ च्या सुरुवातीला थांबवला गेल्यामुळे ही नोंद यापुढे अधिकच गरजेची ठरेल, कारण अनेक गरीब देशांच्या बाबतीत ताजे मोजमाप मिळणे अवघड होणार आहे.

शेवटी प्रत्येक देशासाठी चार आकडे एका ओळीत लिहावेत: बालकांमधील खुजेपणा, बालकांमधील कृशता, स्त्रियांमधील रक्तक्षय आणि प्रौढांमधील लठ्ठपणा. त्यांच्यापुढे उत्पन्न आणि पाहणीचे वर्ष लिहावे, आणि त्याखाली सर्वांत गरीब पंचमांशाचे तेच आकडे मांडावेत. दोन ओळींमध्ये सर्वाधिक तफावत ज्या निर्देशांकात दिसेल, तेथून त्या देशाच्या तपासाला सुरुवात करावी.